एल अँड टीच्या निमित्ताने : अनेक धंदे असलेल्या कंपनीचा शेअर कसा जोखायचा

नमस्कार. विषय मोठा आहे, म्हणून मी एकाच कंपनीबद्दल बोलणार आहे. लार्सन अँड टुब्रो. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या नात्यातलं कुणी ना कुणी पवईला नोकरी करून निवृत्त झालेलं असेल. त्या आपुलकीपोटी शेअर घेतलेलेही असतील. आपुलकी चांगलीच आहे, पण पंधरा-वीस वर्षांसाठी पैसे ठेवायचे तर नेमकं काय तपासायचं, ते आज पाहू.

१९३८ साली हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. डेन्मार्कहून डेअरीची यंत्रं आणून विकायची, एवढाच धंदा होता. आज ही कंपनी पूल बांधते, मेट्रो बांधते, आखातात तेल-वायूचे प्रकल्प उभारते, हजिऱ्याला के-९ वज्र तोफा बनवते. शिवाय तिच्या पोटात दोन आयटी कंपन्या आहेत आणि एक कर्ज देणारी फायनान्स कंपनी आहे. या तिन्ही बाजारात स्वतंत्रपणे नोंदलेल्या आहेत.

अशा कंपनीचं मूल्य काढायची रूढ पद्धत म्हणजे तुकड्यांची बेरीज. एलटीआय माइंडट्रीमध्ये एल अँड टीचा वाटा सुमारे ६८ टक्के, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेसमध्ये ७३ टक्क्यांच्या आसपास, फायनान्समध्ये ६६ टक्के. प्रत्येकीच्या बाजारमूल्यातला एल अँड टीचा वाटा काढायचा, त्यातून वीस-पंचवीस टक्के कापायचे, आणि उरलेल्या बांधकाम व्यवसायाची किंमत वेगळी लावायची. कापायचे का? कारण त्या कंपन्यांचे शेअर तुमच्या डीमॅट खात्यात नाहीत, एल अँड टीच्या खात्यात आहेत. ते विकायचे की नाही आणि विकले तर पैशांचं काय करायचं, हे तुम्ही ठरवत नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. एकत्रित नफा-तोटा पत्रकात एलटीआय माइंडट्रीची विक्री शंभर टक्के दिसते. नफ्यातून मात्र इतर भागधारकांचा हिस्सा वजा होतो. त्यामुळे एकत्रित विक्रीला सरळ शेअरच्या भावाशी ताडून ‘स्वस्त आहे’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मार्च २०२५ अखेर हातातल्या ऑर्डर ५.७९ लाख कोटींच्या होत्या. आकडा छाती दडपवणारा आहे, पण प्रकल्प आणि उत्पादनाच्या कामात व्याज-घसारा-करापूर्वीचा नफा शंभर रुपयांमागे आठ रुपयांच्या घरातला. आयटीत तो याच्या दुपटीहून जास्त. म्हणून नुसत्या ऑर्डरी मोजून काही कळत नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो खेळत्या भांडवलाचा आकडा. २०२२च्या सुमारास विक्रीच्या जवळजवळ वीस टक्के रक्कम त्यात अडकलेली असायची, २०२५मध्ये ते प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. म्हणजे काम केल्यावर पैसे लवकर हातात येऊ लागले. या बातमीला कुणी मथळा देत नाही.

पण माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे : हातात आलेला पैसा कुठे जातो, आणि कोण पाठवतं? त्यासाठी सिमेंटची गोष्ट सविस्तर सांगतो.

एल अँड टीला प्रवर्तक नाही. कुठल्याही घराण्याची ती नाही. म्हणूनच अनेकांचा तिच्यावर डोळा असे. १९८९ साली धीरूभाई अंबानी तिचे अध्यक्ष झाले होते, वर्षभरात त्यांना पायउतार व्हावं लागलं. रिलायन्सचा हिस्सा मात्र राहिला. नोव्हेंबर २००१मध्ये रिलायन्सने आपला १०.०५ टक्के हिस्सा बिर्लांच्या ग्रासिमला विकला, ३०६ रुपये ६० पैसे दराने. त्या वेळी बाजारात भाव होता दोनशेच्या थोडा वर. हिस्सा १५ टक्क्यांच्या आत असल्याने ग्रासिमवर खुला प्रस्ताव, म्हणजे बाकीच्या भागधारकांचेही शेअर ठरावीक दराने घ्यायची जाहीर तयारी, देण्याचं बंधन नव्हतं. पुढच्या वर्षी तिने तो दिला, तेव्हा छोट्या भागधारकांना देऊ केलेला दर होता १९० रुपये. हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवा. कंपनी तीच होती, शेअरही तोच. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने तो प्रस्ताव रोखला.

ग्रासिमला हवं होतं ते सिमेंट. आणि ए. एम. नाईक यांच्या व्यवस्थापनालाही, खरं तर, सिमेंट नकोच होतं, कारण त्यात भांडवल फार लागायचं. पण कंपनी हातची जाऊ द्यायची नव्हती. शेवटी तोडगा निघाला. २००४ साली सिमेंट वेगळं झालं, त्याचीच पुढे अल्ट्राटेक झाली. ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले. तो ट्रस्ट आजही मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. आणि सामान्य भागधारकाला एल अँड टीच्या दर दहा शेअरमागे सिमेंट कंपनीचे चार शेअर थेट मिळाले.

याचा हिशोब करू. समजा २००१मध्ये कुणाकडे शंभर शेअर होते, म्हणजे साधारण वीस हजारांचा ऐवज. सिमेंट वेगळं झालं तेव्हा त्याला अल्ट्राटेकचे चाळीस मिळाले. २०२५मध्ये त्या शेअरचा भाव दहा हजारांच्या वर होता, म्हणजे ते चाळीसच चार लाखांवर गेले. एल अँड टीच्या शंभरचे मात्र त्याच योजनेत पन्नास झाले. मग २००६ आणि २००८मध्ये एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या एका शेअरमागे एक फुकट, २०१३ आणि २०१७मध्ये दोनास एक. पन्नासचे साडेचारशे झाले. साडेतीन हजारांच्या भावाने त्यांचे पावणेसोळा लाख होतात.

आता या हिशोबाने हुरळून जाऊ नका. जानेवारी २००८च्या तेजीच्या शिखरावर ज्याने हाच शेअर घेतला, त्याचा भाव बोनस धरूनही मार्च २०२०मध्ये खरेदीच्या खाली होता. बारा वर्षं! मधल्या काळात कंपनी वाढत होती, पण त्याने जो भाव मोजला त्यात ती सगळी वाढ आधीच धरलेली होती. आणि त्याच काळात पैसा जाऊ नये अशा ठिकाणीही गेला. हैदराबाद मेट्रो घ्या. करार २०१०चा, पहिली गाडी धावली २०१७मध्ये. २०२०च्या फेब्रुवारीत ६९ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. मेट्रो बांधणं ही एल अँड टीची ताकद आहे. तिकीटविक्रीच्या भरवशावर कर्ज उचलून ती चालवणं हा वेगळाच धंदा. अखेर सप्टेंबर २०२५मध्ये ती तेलंगण सरकारच्या हवाली करायचं ठरलं.

२०१९चं वर्षही पाहण्यासारखं आहे. कंपनीला नऊ हजार कोटींचा बायबॅक करायचा होता, म्हणजे भागधारकांकडून स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायचे होते. जानेवारीत सेबीने परवानगी नाकारली, कारण फायनान्स कंपनीचं कर्ज धरलं की एकत्रित कर्जाचं प्रमाण नियमाबाहेर जात होतं. एका धंद्याचं कर्ज दुसऱ्या धंद्याच्या भागधारकाला कसं आडवं येतं, ते इथे दिसतं. मार्चमध्ये व्यवस्थापन माइंडट्री या आयटी कंपनीच्या मागे लागलं आणि संस्थापकांचा विरोध असताना ती ताब्यात घेतली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की परत करायला निघालेला पैसा दोन महिन्यांत खरेदीकडे वळतो, तेव्हा भागधारकाने प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२०मध्ये घराघरातल्या स्विचगिअरचा, म्हणजे विजेची बटणं-ब्रेकर बनवणारा, आपल्या अहमदनगरलाही (आताचं अहिल्यानगर) कारखाना असलेला इलेक्ट्रिकल विभाग श्नायडर या फ्रेंच कंपनीला १४ हजार कोटींना रोखीत विकला. चांगला चालणारा, नाव असलेला धंदा सोडणं सोपं नसतं. त्यानंतर शेअरमागे १८ रुपयांचा खास लाभांश दिला. आणि २०२३मध्ये ३,२०० रुपयांनी दहा हजार कोटींचा बायबॅक पूर्णही केला.

एक चिठ्ठी आली आहे : ‘आत्ता घ्यावा का?’ भाव सांगणं माझं काम नाही. पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी येत्या दोन-तीन वर्षांत कुठे लक्ष ठेवावं, हे जरूर सांगेन. भागभांडवलावरचा परतावा, म्हणजे भागधारकांच्या पैशांवर मिळालेला नफा, २०२४-२५मध्ये १६ टक्क्यांच्या वर होता आणि कंपनीचं स्वतःचं २०२५-२६पर्यंतचं उद्दिष्ट १८चं होतं. ते गाठलं का, हे पाहा. डेटा सेंटर आणि सेमीकंडक्टर डिझाइनमध्ये नवा पैसा जातो आहे. त्यात किती गेला, हे दर वर्षीच्या अहवालात शोधा. तिथे भांडवल वाढत गेलं आणि तीन-चार वर्षांत परताव्याचा आकडा बोलायला तयार नसेल, तर मी माझा हिस्सा कमी करीन. आखातातल्या ऑर्डरींचं वजन वाढलं आहे, तेही पाहा, कारण तिथली कामं तेलाच्या भावाबरोबर थबकतात. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन होते, तिथे भागधारक म्हणून नाव नोंदवून बोलता येतं. दहा शेअर असले तरी.