हात बसल्यावर

(एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस: प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते असा आजार. ३० मे या जागतिक एमएस दिनी पुण्यात रुग्ण आणि नातेवाइकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. तो मागचा पंखा जरा वाढवा कुणीतरी. मे महिन्यात एमएसच्या माणसांना सभागृहात बसवायचं म्हणजे वक्त्याच्या आधी पंख्याची सोय बघायला हवी.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली शेवटची अठरा वर्षं न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत. घरच्या घरी इंजेक्शन कसं घ्यायचं, हे शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी माणूस समोर बसतो. सुई मांडीपाशी नेतो, परत मागे घेतो. बरोबर आलेली बायको किंवा आई दुसरीकडे बघते. त्या माणसाची मला कधी काळजी वाटली नाही. तो कागद दोनदा वाचतो, हात तीनदा धुतो आणि रात्री साडेनऊला फोन करून म्हणतो, "सिस्टर, सिरिंजमध्ये बुडबुडा दिसतोय हो." मला काळजी वाटायची चौथ्या-पाचव्या वर्षाची. तेव्हा तोच माणूस एक डोळा मॅचवर ठेवून टोचून मोकळा होतो. हात बसलेला असतो. आज मी बोलणार आहे ते या बसलेल्या हाताबद्दल.

पण हात बसायच्या आधीची एक गोष्ट सांगून टाकते. एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा वेगळा आजार आहे. डोळ्याची नस आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू त्यात जोरात धरला जातो. त्याची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली आणि रक्तात तपासता येते. एनएमओच्या माणसाला एमएस समजून इंटरफेरॉन दिलं तर आजार वाढू शकतो. निदान करताना तुमची ही तपासणी झाली होती की नाही, हे फाइल उघडून बघा. नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा. विचारलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता इंजेक्शनांकडे येऊ. या सभागृहात मुख्यतः दोन जातींची इंजेक्शनं घेणारी माणसं आहेत. एक इंटरफेरॉनवाले. इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी शोधलं, तेव्हा डोळ्यांपुढे विषाणू होते, एमएस नव्हता. एमएससाठी ते अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं, आजाराची चाल बदलणारं पहिलं औषध म्हणून. पुरवठा इतका अपुरा होता की तिथे चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे नंबर लावले होते. दुसरे ग्लॅटिरॅमरवाले. त्याची गंमत अशी की इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार घडवून आणायचा होता. त्यासाठी चार अमिनो आम्लांची साखळी बनवली, तर तिने आजार घडवायच्या ऐवजी दाबला. १९९६ मध्ये ती औषध म्हणून मंजूर झाली.

दोन्ही औषधांनी रिलॅप्स, म्हणजे आजाराचे झटके, ढोबळमानाने एक-तृतीयांशाने कमी होतात. पण काल बधिर असलेला पाय आज टोचल्यामुळे सुटत नाही. टोचल्याचा त्रास लगेच कळतो आणि फायदा कधीच जाणवत नाही, असं हे औषध. त्यामुळे हात बसला की मन उठायला लागतं.

ग्लॅटिरॅमरवाल्यांनी आता माझ्याकडे नीट लक्ष द्यावं. इंजेक्शननंतर काही मिनिटांत चेहरा लाल होणं, छातीत धडधड, छाती भरून आल्यासारखी वाटणं, दम लागणं, घसा आवळणं, हे तुमच्यातल्या काहींनी अनुभवलंय. रोज वीस मिलिग्रॅमच्या डोसच्या चाचण्यांमध्ये शंभरातल्या सोळा जणांना हे केव्हा ना केव्हा झालं होतं. बहुतेकदा अर्ध्या तासात आपोआप ओसरतं. आम्हीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो, "घाबरू नका, बसून राहा, जाईल." तेवढं सांगणं आता पुरेसं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ग्लॅटिरॅमरच्या माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापायला लावला: या औषधाने अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि त्यात काही मृत्यूही झाले आहेत. प्रमाण फार कमी आहे. पण ही रिअ‍ॅक्शन पहिल्या डोसला येऊ शकते, तशीच कित्येक वर्षं काही न होता टोचत आल्यानंतरही येऊ शकते. "मला सात वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार," हे वाक्य त्या दिवसापासून बाद झालं.

नेहमीची रिअ‍ॅक्शन आणि ही रिअ‍ॅक्शन सुरुवातीला सारख्याच दिसतात, खरी पंचाईत तिथेच आहे. म्हणून घड्याळ बघायचं. नेहमीची रिअ‍ॅक्शन वर चढते आणि उतरायला लागते. दुसरी चढतच जाते. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही दिसलं किंवा त्रास ओसरायच्या ऐवजी वाढला, तर १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचायचं. लिंबूपाणी, पित्ताची गोळी, "थोडं पडून बघते", यात वेळ घालवायचा नाही. जीव वाचवणारं औषध अ‍ॅड्रिनलिन आहे आणि ते तिथे मिळतं. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुढचा डोस घ्यायचा नाही. हा प्रकार बहुतेकदा टोचल्यापासून तासाभरात होतो. म्हणून टोचायचं ते घरात कुणीतरी जागं असताना. टोचून लगेच बाथरूमची कडी लावून आंघोळीला जाणारे इथे किती आहेत? बघा, हसताय.

आता त्वचा. साताऱ्याकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. शिस्तीच्या, वही ठेवणाऱ्या. तीन वर्षांनी मी त्यांच्या डाव्या मांडीवरून हात फिरवला तर लिंबाएवढा खळगा हाताला लागला. म्हणाल्या, "तिथे दुखत नाही हो, म्हणून तिथेच घेते." कातडीखालची चरबी झिजली होती आणि असा खळगा सहसा भरून येत नाही. वहीत तारीख होती, वेळ होती, जागा लिहिलेली नव्हती. दोन्ही मांड्या, दोन्ही दंडांची मागची बाजू, दोन्ही नितंबांचा वरचा भाग आणि बेंबीपासून चार बोटं सोडून पोट, अशा सात जागा आहेत. एका जागेवर आठवड्यात एकदाच टोचायचं, आणि त्या जागेतही गेल्या वेळचा बिंदू सोडून. दंड आपल्या हाताने नीट जमत नाही, तिथे घरच्यांना कामाला लावा. आठवड्यातून एकदा त्या जागा बोटांनी चाचपून बघा, नुसतं बघून गाठ कळत नाही. इंटरफेरॉनवाल्यांनी आणखी एक बघायचं: टोचलेली जागा काळीनिळी पडून तिथून पाणी यायला लागलं, तर कातडी मरत असेल. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मत मागत बसू नका, जाऊन दाखवा.

टोचायची पद्धत तुम्हाला पाठ आहे, तरी दोन बारीक गोष्टी. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की चरचरतं आणि बिचारं औषध बदनाम होतं. आणि टोचून झाल्यावर कोरडा कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका. तो बुडबुडा राहिलाच की! ग्लॅटिरॅमरच्या भरलेल्या सिरिंजमधला छोटा बुडबुडा काढायला जाऊ नका. बुडबुड्याबरोबर औषधही बाहेर जातं.

फ्रिजचं ऐका. यातली बहुतेक इंजेक्शनं दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अकोल्याच्या एका मुलाची आई दर खेपेला खोका घेऊन यायची, मी तो उघडून बघायचे. एकदा खोक्याचा पुठ्ठा भिजून वाळल्यासारखा सुरकुतलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्यात फ्रिज गार होत नाही म्हणून वर बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलं, म्हटलं औषध महागाचं." औषध गोठलं होतं, वितळलं होतं आणि मुलगा तेच तीन आठवडे घेत होता. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. गोठलेलं औषध वितळल्यावरही वापरायचं नाही, टाकून द्यायचं. त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघून ते सांगताना माझ्याच घशात आवंढा आला. खोका मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका, दारातही नको, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं. ग्लॅटिरॅमर फ्रिजबाहेर महिनाभर चालतं असं कागदावर लिहिलेलं असतं, पण तिथे 'रूम टेंपरेचर' म्हणजे पंधरा ते तीस अंश. मे महिन्यात विदर्भातल्या खोलीला ते लागू होत नाही. प्रवासात थर्मास घ्या, मात्र बर्फाची पिशवी आणि खोका यांच्यामध्ये टॉवेल हवा. आणि टोचायच्या आधी वीस मिनिटं सिरिंज बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका.

इंटरफेरॉनवाल्यांचं दुखणं म्हणजे कणकण. टोचल्यावर काही तासांनी अंग मोडून येतं, थंडी वाजते, ताप चढतो. म्हणून डोस हळूहळू वाढवत नेतात, रात्री झोपण्याआधी घ्यायला सांगतात आणि बरोबर पॅरासिटामॉल देतात. यात एक फसगत आहे. तापाने अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात. दोन वर्षांपूर्वी बरा झालेला डोळा पुन्हा धूसर होतो. उठॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय. व्यायामानंतर, उन्हातून आल्यावर, कडक पाण्याने आंघोळ केल्यावर तुम्हाला होतं ते हेच. अंग निवलं की ते जातं, तो रिलॅप्स नसतो. नवं लक्षण, ताप नसताना, चोवीस तासांहून जास्त टिकलं तर कळवायचं. पण रात्री दोन वाजता पाय उचलत नाही तेव्हा इतका विचार सुचत नाही, आणि "औषधानेच पाय गेला" असं ठरवून माणूस इंजेक्शन बंद करतो. डॉक्टरांना न सांगता. वर त्यांनी विचारलं तर "चालू आहे" म्हणून सांगतो. मग पुढे खरा रिलॅप्स आला की डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही. अर्धवट घेता की नियमित, हे खरं सांगा. चुकलेला डोस भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. पुढचा कधी घ्यायचा, ते विचारा.

रक्त. इंटरफेरॉन सुरू केल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या होतात. तोवर सगळे येतात. पुढे ठरावीक काळाने करायच्या तपासण्यांना निम्मे गळतात, कारण "रिपोर्ट नॉर्मलच येतो". पांढऱ्या पेशी घसरल्या किंवा यकृताची एन्झाइम्स चढली तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आणि काढे! कोविडमध्ये घरोघरी गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. त्यांच्या वादात मी पडत नाही. पण मंडळी, आपली प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटलीये म्हणून आपण सुया टोचून घेतो, आणि सकाळी उठून ती वाढवायचा काढा पितो? घेत असलात तर निदान डॉक्टरांना सांगा.

मनाबद्दल नातेवाइकांशी बोलते. इंटरफेरॉनवर असलेला माणूस गप्प गप्प राहायला लागला, झोप उडाली, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं बोलायला लागला, तर त्याला स्वभाव म्हणू नका. उदासी आजारानेही येते, औषधाच्या माहितीपत्रकातही तिचा इशारा आहे. जीव द्यायची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, त्याला एकटं ठेवायचं नाही. मुलाबाळांचा विचार असलेल्या मुलींनी दिवस राहिल्यावर घाबरून औषध टाकण्यापेक्षा आधीच येऊन बोलावं. या दोन्ही औषधांच्या बाबतीत वाट निघते. महिन्याच्या एका इंजेक्शनवर गेलेल्यांनी, म्हणजे ओफाटुमुमॅबवाल्यांनी, सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती ना आणि लशींचं काय ठरलंय, एवढं नक्की विचारा. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

सुयांचं राहिलं. वापरलेली सुई ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली की ती कुणाच्या तरी हातात घुसते. आमच्या सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना घुसली होती. कुठल्या घरातली, कुणाची, काहीच माहीत नाही. मग त्यांच्या रक्ताच्या तपासण्या, गोळ्या आणि महिनोन् महिने जिवाला घोर. रोज टोचणाऱ्याच्या घरात वर्षाला ३६५ सुया निघतात. कपड्याच्या लिक्विड साबणाचा जाड डबा घ्या, फिरकीच्या झाकणाचा. सुईला टोपी परत लावायच्या भानगडीत पडू नका, त्यातच बोटाला टोचतं. सिरिंज थेट डब्यात टाका. पाऊण डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर 'सुया' असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहा आणि जिथे रक्त तपासायला जाता त्या लॅबला किंवा दवाखान्याला घेता का विचारा. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांच्याकडे टोकदार कचऱ्यासाठी पांढरा डबा असावाच लागतो. एखादा नाही म्हणेल, दुसरा घेतो.

बोलणं पुरे. त्या टेबलावर सरावाचे पॅड आणि पाणी भरलेल्या सिरिंज ठेवल्यात. एकेकाने यायचं आणि घरी टोचता तसं माझ्यासमोर टोचून दाखवायचं. नाही, तुम्ही नवीन ना? तुम्ही बसा. पाच वर्षांच्या वरचे आधी.