साडेचारशे ग्रॅमची भिंत

(डिकीत बसवलेला कॅमेरा. गाडी वळण घेते.)

ही लिटरभर पाण्याची बाटली. डावीकडून सुटली, उजव्या बाजूला आपटली आणि पुढच्या वळणाला परत निघाली. तिच्या धक्क्याने पिशवी लवंडली. पिशवीतून काय काय बाहेर आलं, ते दिसतंच आहे.

कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर स्पोर्ट्स कारला करकचून ब्रेक लावला, की आतली प्रत्येक वस्तू जवळजवळ स्वतःच्या वजनाइतक्या जोराने पुढे ढकलली जाते. वेगात घेतलेल्या वळणावरही तेच होतं, फक्त दिशा आडवी. डिकीतला गालिचा एवढा जोर थोपवू शकत नाही. सामान अडवायला डिकीत पार्टिशन हवं.

त्यात अशा गाडीची डिकी मुळातच लहान. मज़्दा एमएक्स-५ च्या सध्याच्या पिढीत ती सुमारे १३० लिटरची आहे आणि अख्ख्या गाडीचं वजन एक टनाच्या आसपास. ते तिथवर उतरवायला बनवणाऱ्यांनी एकेका सुट्या भागाचं वजन घटवलं आहे. त्या गाडीत आपण प्लायचा खोका ठोकायचा? आम्हाला ते पटत नाही. म्हणून अट ठरली ती वजनाची: पार्टिशन अर्ध्या किलोच्या आत बसलं पाहिजे. आणि खर्च इतका कमी, की पहिला तुकडा चुकला तर दुसरा कापताना हात अडखळू नये.

(टेबलावर पुठ्ठा. दोघांचे हात.)

कंपास जिच्या हातात आहे, गाडी तिची. पुठ्ठा धरलाय तो तिच्या थोरल्या भावाने.

डिकीची भिंत कुठेच सरळ नसते. चाकाच्या कमानीचा फुगवटा, एका बाजूला टाकीची नळी, दुसऱ्या बाजूला दिव्याच्या वायरींचं झाकण. टेपने माप घेऊन हा आकार कागदावर येत नाही. म्हणून कंपास. पुठ्ठा भिंतीपासून थोडा अलीकडे उभा धरायचा, कंपासचं टोक भिंतीला टेकवून वरून खाली न्यायचं. दुसऱ्या पायातली पेन्सिल तोच उंचसखलपणा पुठ्ठ्यावर उतरवत जाते.

“दादा, हलवू नकोस ना.”

“हलवत नाहीये गं. तू कंपास तिरका धरतेयस.”

बरोबर आहे त्याचं. कंपास सगळीकडे आडवा, एकाच पातळीत राहिला नाही, तर रेघ फसवते. इथे तिने पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून पाहिला. तीन बोटं फट. दोन्ही बाजूंचे साचे वेगळे काढावे लागतात.

(पन्हळी शीट उन्हात धरलेली. आतल्या नळ्या उजळतात.)

आता खरा माल. पन्हळी प्लॅस्टिकची शीट, जाडी ४ मिलिमीटर. जाहिरातींचे फलक हिचेच असतात, आणि मुदत संपलेला फलक मागितला तर बहुधा मिळतो. दोन पातळ पापुद्रे, मध्ये ओळीने नळ्या, बाकी सगळी हवा. एका चौरस मीटरचं वजन पाऊण किलोच्या आतबाहेर.

या शीटला दिशा असते, आणि काम बिघडतं ते इथेच. नळ्यांच्या लांबीत ती ताठ राहते. नळ्यांना समांतर दुमडली की सहज वाकते. पहिला तुकडा नळ्या उभ्या ठेवून कापला होता. बघा, मधोमध हात टेकवताच कमान झाली. दुसऱ्यात नळ्या आडव्या, डिकीच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. तोच हात, तोच जोर.

आडव्या नळ्यांचा आणखी एक फायदा. खालच्या कडेला दोन नळ्यांच्या मधून फक्त एक पापुद्रा चिरायचा. ब्लेड नवं, दाब हलका. चिरेच्या उलट बाजूला दुमडलं की पाच सेंटिमीटरचा पाय तयार. वरची कडही अशीच दुमडली आहे, म्हणजे हाताला धार लागत नाही आणि ताठपणाही वाढतो.

(जोड. अगदी जवळून.)

लांब तुकड्याला वरून अर्ध्या उंचीपर्यंत खाच. त्याला काटकोनात बसणाऱ्या दोन आखूड तुकड्यांना खालून तेवढीच. खाचेची रुंदी शीटच्या जाडीएवढी, रतीभर जास्त नाही. एकात एक उतरवायचे. आवाज ऐका.

गोंद कुठेही नाही. मागच्या वर्षीचा हा नमुना तिने जपून ठेवलाय. ग्लू गनने चिकटवलेला होता. उन्हात तापलेल्या डिकीत गोंद मऊ पडला आणि वेल्क्रोची पट्टी अख्खी सुटून आली. ही शीट पॉलिप्रोपिलीनची, तिला बहुतेक गोंद धरतच नाहीत. म्हणून इथे पॉप रिव्हेट, म्हणजे भोकात घालून खास पकडीने ओढून बसवायची धातूची खिळी, आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, नाहीतर रिव्हेट शीट फाडून निघतो.

दुमडलेल्या पायाखाली रिव्हेटने बसवली आहे वेल्क्रोची खरखरीत पट्टी, फक्त तीच. मऊ पट्टीचं काम गालिचा करतो. गालिचा फार गुळगुळीत असेल तर मात्र पट्टी पकडत नाही. आधी एक तुकडा दाबून, ओढून बघावा.

(वजनकाटा.)

४५० ग्रॅम. रिव्हेट, वॉशर, वेल्क्रो धरून. याच मापाचा ९ मिलिमीटर प्लाय साधारण तीन किलो भरला असता.

जॅक, पाने, टूलबॉक्स अशा जड वस्तू याच्या भरवशावर ठेवू नयेत, त्या पट्ट्याने बांधाव्यात. अपघातात हे पार्टिशन काहीही रोखणार नाही.

(डिकीतला कॅमेरा. तोच रस्ता, तीच वळणं. निवेदन नाही, फक्त इंजिन.)

(डिकी उघडते. बाटली उभी. तिचा चेहरा, मग दादाचा.)

मोठी बॅग न्यायची असेल, तेव्हा आखूड तुकडे वर ओढायचे, लांब तुकडा गालिच्यावरून सोलल्यासारखा उचलायचा. तिन्ही एकावर एक ठेवून बॅगेखाली सरकवले, की डिकी पुन्हा पूर्ण मोकळी.