हमिंगबर्डसाठी बाग : साखरपाण्याच्या आधी फुलं आणि किडे

नमस्कार. अमेरिकेच्या पूर्व भागात, न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या पट्ट्यात, घराच्या बागेत हमिंगबर्ड यावेत आणि आल्यावर टिकावेत यासाठी काय करावं लागतं, हे आज सविस्तर बघू. पुष्कळ घरांत सुरुवात लाल फीडर, म्हणजे साखरपाणी भरून टांगायचं भांडं, विकत आणून होते. त्यात लाल रंगाचं तयार पाणी ओतलं जातं आणि जूनमध्ये विचारणा सुरू होते, की पक्षी येत का नाहीत, किंवा एकदाच येऊन गेला तो परत का आला नाही. माझं म्हणणं असं, की फीडर ही शेवटी जोडायची गोष्ट आहे. आधी एप्रिल ते ऑक्टोबर न तुटणारी फुलांची साखळी हवी, आणि बागेत बारीक किडे जिवंत राहायला हवेत.

पक्षी कोणता, ते नक्की करू. पूर्व अमेरिकेत घरटं करणारी हमिंगबर्डची एकच जात आहे : रुबी-थ्रोटेड. वजन साधारण 3 ग्रॅम, पाठ चमकदार हिरवी. नराचा गळा माणकासारखा लाल, पण हा लाल रंग पिसांच्या रचनेतून येतो, त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की तोच गळा काळा दिसतो. मादीचा गळा पांढुरका. पिल्लंही मादीसारखीच दिसतात, म्हणून ऑगस्टमध्ये ‘सगळ्या माद्याच कशा आल्या’ असं वाटतं.

मायदेशातल्या बागेत जास्वंदीवर दिसणारा तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. त्याचं हमिंगबर्डशी जवळचं नातं नाही. दोघांच्या लांब चोची स्वतंत्रपणे घडल्या. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मकरंद पितो, तर हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून. पुण्याहून ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड’ म्हणून येणाऱ्या व्हिडिओत पुष्कळदा हॉक मॉथ जातीचा पतंग असतो. इथेही जुलैत बी बामच्या फुलांवर पारदर्शक पंखांचा तसाच पतंग येतो. डोक्यावर दोन मिशा दिसल्या की तो पतंग, हे लक्षात ठेवा.

आता खाण्याचं. मकरंद हे या पक्ष्याचं इंधन आहे, पण शरीर बांधायला लागणारी प्रथिनं त्यात जवळपास नसतात. ती येतात चिलटं, डास, मावा आणि छोट्या कोळ्यांमधून. मादी पिल्लांना भरवते त्यात या किड्यांचा मोठा वाटा असतो. घरटंही कोळ्याच्या जाळ्यावर उभं असतं : वनस्पतींची म्हातारी म्हणजे बियांवरचा मऊ कापूस, तो बांधायला कोळ्याचा धागा, आणि बाहेरून दगडफुलाचे तुकडे. धागा ताणला जातो म्हणून दोन पिल्लं वाढतात तसं घरटंही सैलावतं. सगळं काम मादी एकटी करते, नर मदतीला येत नाही.

म्हणून सर्वांत आधी फवारणीचा विचार करा. डासांसाठी बॅकयार्डभर फवारणी करून देणाऱ्या सेवा इथे सर्रास आहेत. त्यातली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि ती डास निवडून मारत नाहीत. पानावर बसणारा कुठलाही बारीक किडा त्यांच्या तावडीत सापडतो. फवारणीही चालू आणि फीडरही टांगलेला, असं असेल तर पक्षी साखर पिऊन जाईल, पण मादी तिथे पिल्लं वाढवायला राहणार नाही. डासांसाठी साचलेलं पाणी दर आठवड्याला ओता : कुंड्यांखालच्या थाळ्या, छपराच्या पन्हळी, मुलांची खेळणी. मावा वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. डेकच्या छताखालची सगळी जळमटं काढू नका, मे-जूनमध्ये तर नकोच. आणखी एक सोपी गोष्ट : पिकून काळी पडलेली दोन केळी जाळीच्या पिशवीत घालून घरापासून लांब, झाडाच्या सावलीत टांगा. त्यावर फळमाश्या होतात आणि हमिंगबर्ड त्या हवेतच टिपतो. हे फक्त अस्वलं न फिरणाऱ्या भागात. न्यू जर्सीच्या वायव्येकडे राहणाऱ्यांनी केळी टांगू नयेत आणि फीडरही रात्री घरात घ्यावा.

फुलांची साखळी कशी लावायची? एप्रिलच्या उत्तरार्धात पक्षी पोचतात, नर आधी. त्याच वेळी फुलणारं इथलं मूळचं झाड म्हणजे लाल-पिवळं कोलंबाइन. अर्धी सावली आणि हलकी, निचऱ्याची माती त्याला चालते. एक रोप काही वर्षांतच संपतं, म्हणून बी पडू द्या, सुकलेली फुलं लगेच कापू नका. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उठतात त्या पाननागअळीच्या. झाडाला फार इजा होत नाही. औषध मारू नका.

मेपासून कोरल हनिसकल. घरी एकच वेल लावायचा असेल तर हाच लावा, असं मी ठामपणे सांगेन. लांबट लाल नळीसारखी फुलं, वास नाही. वासावाचून या पक्ष्याचं अडत नाही. रोज सहा तास ऊन आणि चढायला भक्कम जाळी द्या. फुलांचा मुख्य बहर गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतो, त्यामुळे हिवाळ्यात छाटला की वसंतातली फुलं गेली. छाटणी पहिला बहर ओसरल्यावर करा. नर्सरीत नाव नीट वाचून घ्या : जॅपनीज हनिसकल हा पांढऱ्या-पिवळ्या सुवासिक फुलांचा वेल इथल्या जंगलात तण म्हणून पसरला आहे, तो आणू नका. ट्रम्पेट क्रीपरबद्दल पुष्कळ जण विचारतात. त्याची फुलं हमिंगबर्डला फार आवडतात, पण मुळांतून काही मीटर लांब नवे फुटवे येतात आणि वेल सायडिंगखाली, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाखाली, शिरतो. घराला लागून कधीही लावू नका.

जुलै बी बामचा. लाल फुलांचं मोनार्डा, उंची कमरेपर्यंत, मातीत ओल हवी. याची नेहमीची तक्रार म्हणजे पानांवर येणारी भुरी, पिठासारखी पांढरी बुरशी. माती कोरडी पडली आणि रोपं दाटीने वाढली की भुरी हमखास. दोन रोपांत किमान दीड फूट ठेवा, पाणी मुळाशी घाला, दर दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डा खणून विभागा आणि मधला जुना भाग टाकून द्या. ‘जेकब क्लाइन’ हा लाल वाण भुरीला बराच दाद देत नाही. पानांच्या उग्र वासामुळे हरणंही सहसा तोंड लावत नाहीत, आणि न्यू जर्सीत ही मोठीच सोय आहे.

त्यापुढे कार्डिनल फ्लॉवर, जुलैअखेर ते सप्टेंबर. ओलसर जागा नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. बी पेरताना मातीने झाकू नका, रुजायला उजेड लागतो. हिवाळ्यात जमिनीलगत पानांचा हिरवा गुच्छ शिल्लक राहतो. त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन पडलं की तो कुजतो आणि वसंतात रोप दिसत नाही. ‘माझं कार्डिनल दरवर्षी मरतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पक्षी दक्षिणेला निघायच्या तयारीत असतात तेव्हा, ओढ्याकाठी, दमट सावलीत नारिंगी ठिपक्यांचं ज्वेलवीड फुलतं. हा आपल्या तेरड्याच्याच कुळातला, त्याच प्रजातीगटातला. बोंड बोटाने दाबलं की तेरड्यासारखंच फुटतं आणि बी उडतं. ते तण समजून उपटलं जातं. बागेच्या ओल्या कोपऱ्यात राहू द्या, दरवर्षी आपोआप उगवेल.

फक्त बाल्कनी असेल तर बारा इंची कुंडीत साल्व्हिया लावा. ‘ब्लॅक अँड ब्लू’ या जातीची फुलं गडद निळी असूनही हमिंगबर्ड तिच्यावर तुटून पडतात. लाल रंग लांबून लवकर दिसतो इतकंच. परत यायचं की नाही, हे मकरंदावर ठरतं. कर्दळही चालते. ती मूळची अमेरिका खंडातलीच. पहिल्या हिमतुषारानंतर पानं काळी पडली की कंद खणून बेसमेंटमध्ये कोरड्या जागी ठेवायचे. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांचा मोह टाळा. पुष्कळ वाणांत मकरंद नसतो किंवा पाकळ्यांच्या दाटीत चोच पोचत नाही. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एका जातीची तीन-पाच रोपं एकत्र लावा. विकत घेताना नर्सरीला विचारा, की रोपांना निओनिकोटिनॉइड गटाचं कीटकनाशक दिलं आहे का. ते झाडात भिनतं आणि मकरंदातही उतरतं.

आता फीडर. प्रमाण एकच : एक वाटी पांढरी साखर, त्याच वाटीने चार वाट्या पाणी. पाणी कोमट करून साखर विरघळवा, गार होऊ द्या, मगच भरा. उकळत ठेवलंत तर पाणी आटतं आणि प्रमाण बिघडतं. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. मध घालू नका, पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी व जंतू वाढतात. गूळ, काकवी, ब्राऊन शुगर नको. त्यांतलं लोह या पक्ष्याला बाधतं. पिठीसाखरेत इथे कॉर्नस्टार्च असतो, तीही नको. साखरेऐवजी कृत्रिम गोडवा कधीच नको, त्यात ऊर्जाच नाही. उसाची पांढरी साखर इथे काही कारखान्यांत हाडांच्या कोळशातून गाळतात, म्हणून काही घरांत ती आणत नाहीत. त्यांनी बीटची पांढरी साखर घ्यावी. तीही शुद्ध सुक्रोजच असते आणि तिला तो कोळसा वापरत नाहीत. लाल रंग घालायची काहीच गरज नाही, फीडरचा लाल भाग पुरेसा आहे.

बशीसारखा पसरट फीडर घ्या, उलट्या बाटलीचा नको. उन्हात बाटलीतली हवा प्रसरण पावते आणि साखरपाणी खाली ढकलते. ते ठिबकलं की मुंग्या आणि गांधीलमाश्या आल्याच. बशीच्या फीडरमध्ये पाणी भोकापासून खाली असतं. हमिंगबर्डची जीभ पोचते, गांधीलमाशीची नाही. मुंग्यांसाठी वर पाण्याची छोटी वाटी असलेला आकडा मिळतो, तो लावा. तारेला तेल किंवा ग्रीस फासू नका, पिसांना लागलं तर निघत नाही.

पक्षी येऊन पुन्हा न दिसण्यामागे आंबलेलं पाणी हे मोठं कारण असतं. तापमान 30 अंश सेल्सियसच्या पुढे असेल तर एक दिवसाआड, त्याहून कडक उन्हाळ्यात रोज, गार हवेत तीन-चार दिवसांनी पाणी बदला. पाणी गढूळ दिसलं किंवा त्यात तंतू तरंगले, तर वाट न बघता ओतून द्या. एक-दोन पक्ष्यांना अर्धी वाटी पुरते. फीडर काठोकाठ भरला की टाकून द्यायला जीव होत नाही आणि शिळं पाणी राहतं. दर वेळी गरम पाणी आणि बारीक ब्रशने भोकं घासा. काळी बुरशी दिसली तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग गरम पाणी, यात तासभर बुडवून ठेवा. तरीही हटली नाही तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. मग वास जाईपर्यंत धुऊन वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

फीडर दुपारच्या सावलीत टांगा. काचेपासून एक मीटरच्या आत ठेवलात तर पक्षी वेग घेण्याआधीच काचेशी येतो, धडक जीवघेणी होत नाही. मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके चिकटवा. एकच नर फीडर अडवून बाकीच्यांना हाकलत असेल तर दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या अंगाला, त्याला बसल्या जागेवरून दिसणार नाही असा लावा. ऑगस्टनंतर फीडरवर मोठा हिरवा-तपकिरी प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर लांबच्या झुडपात नेऊन सोडा. तो हमिंगबर्ड पकडून खातो, याच्या पुष्कळ नोंदी आहेत.

गॅरेजकडेही लक्ष द्या. स्वयंचलित दाराच्या दोरीला इथे लाल मूठ असते. पक्षी ती फूल समजून आत शिरतो आणि घाबरला की वर, छताकडेच उडत राहतो. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळा. आत अडकलाच तर दिवे बंद करा, दार पूर्ण उघडा आणि उंबऱ्याशी फीडर किंवा लाल फुलांची कुंडी ठेवा. थंड पहाटे एखादा पक्षी फांदीवर किंवा फीडरवर निश्चल, अगदी उलटा लटकलेलाही दिसला, तर हात लावू नका. ऊर्जा वाचवायला तो शरीराचं तापमान खूप खाली नेतो. ऊन आलं की जागा होतो. मे ते ऑगस्ट फांद्या तोडताना घरटं आहे का, ते आधी बघा. अर्ध्या अक्रोडाएवढं, दगडफुलाने झाकलेलं, फांदीवरची गाठच वाटावी असं असतं. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवता येत नाही, आणि रिकामं झालेलंही घरी ठेवता येत नाही.

ऑगस्टअखेर हे पक्षी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात, मग मेक्सिको-मध्य अमेरिकेकडे निघतात. त्यांतले बरेच मेक्सिकोचं आखात, सुमारे 800 किलोमीटर, न थांबता ओलांडतात. फीडर लावून ठेवला तर ते जायचे थांबतील, ही भीती खोटी आहे. निघायची वेळ मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसावरून ठरते. उलट, शेवटचा पक्षी दिसल्यानंतर दोन आठवडे फीडर राहू द्या, उत्तरेकडून मागाहून येणाऱ्यांना तो लागतो. नोव्हेंबरमध्ये एखादा हमिंगबर्ड आला तर नीट बघा, फोटो काढा. तो रुबी-थ्रोटेड नसून पश्चिमेकडचा रूफस असण्याची बरीच शक्यता असते, पाठीकडे आणि शेपटीत तांबूस रंग दिसेल. अशा वेळी फीडर अंधार पडल्यावर घरात घ्या आणि उजाडायच्या आधी परत टांगा, कारण तो पहाटे सर्वांत भुकेला असतो आणि गोठलेलं साखरपाणी त्याच्या काही कामाचं नाही.