आबाजी जेवत का नाहीत?

नमस्कार श्रोतेहो. अल्झायमर, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा मेंदूचा आजार, झालेले आबाजी ताटासमोर नुसते बसून राहतात आणि घरचे म्हणतात, हट्टाला पेटले. बहुतेक वेळा हट्ट नसतोच. चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरा भात, त्यावर फिकं वरण; त्यांना ते वेगळं दिसतच नाही. त्यात चार वाट्या मांडल्या तर सुरुवात कुठून करायची तेही सुचत नाही. लाल किंवा निळी, बिननक्षीची ताटली घ्या. एका वेळी एकच पदार्थ वाढा. टीव्ही बंद करा आणि समोर बसून तुम्हीही जेवा. तुमचं पाहून त्यांचा हात तोंडाकडे जातो. चमचा धरवत नसेल तर मऊ धिरड्याचे तुकडे, केळं हातात द्या.

खरी काळजी गिळण्याची. खाटेवर आडवं ठेवून भरवू नका. खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभ्यानं भरवलं की त्यांची मान वर होते, अन् घास श्वासनळीत जायची भीती वाढते. अर्धा चमचा द्या, कंठ वर-खाली हलला की मगच पुढचा. घास गालात धरून ठेवला तर रिकामा चमचा ओठाला लावून म्हणा, "आबाजी, गिळा." जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

कोरड्या भाकरीचा तोंडात भुगा होतो. ती गरम वरणात कुस्करून चांगली भिजू द्या, वर चमचाभर तूप. पातळ रस्स्यातल्या फोडी घोटून घ्या. फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे बंद.

सगळ्यात फसवं असतं साधं पाणी. पातळ असल्यानं ते गिळायच्या आधीच घशात उतरतं. पाण्यानं ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा. अन्नपाणी फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. पण म्हणून पाणी तोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि आबाजी तहान लागली असं सांगणार नाहीत. ज्वारीची दाट आंबील, घट्ट ताक थोडं थोडं दिवसभर देत राहा. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

महिन्यातून एकदा वजन करा. 60 किलोचा माणूस महिन्यात 3 किलो उतरला तर डॉक्टरांकडे न्याच, पण आधी तोंडात डोकावून पाहा: कवळी ढिली झाली का, हिरड्यांना फोड आले का. शौचाला किती दिवसांत झालं नाही, तेही बघा. पोट साफ नसलं की भूक मरते.