बदकांची पिशवी

नमस्कार मंडळी. आज आपण पिशवी शिवणार आहोत. चांगली ढब्बू पिशवी. आमच्या कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीचा रविवारचा सगळा बाजार जिच्यात मावेल आणि वर कोथिंबिरीची जुडी मान बाहेर काढून बसेल, एवढी मोठी. आणि ती शिवायची चित्रांच्या कापडाच्या तुकड्यांतून.

चित्रांचं कापड म्हणजे काय, ते आधी सांगते. फुलंपानं नव्हे, कोयऱ्याही नव्हेत. ज्याच्यावर रिक्षा असतात, चष्मे असतात, अननस, पतंग, चहाचे कप, झोपलेली मांजरं असतात, ते कापड. सबंध ड्रेस शिवावा असा धीर होत नाही, आणि दुकानातून ते तसंच सोडून यावं म्हटलं तर पाय निघत नाही. मग अर्धा मीटर घेतला जातो. जवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात गेलं की कटपीसच्या ढिगात हात घालायचा आणि काही ना काही वर काढायचं. माझी एक पत्र्याची ट्रंक अशीच भरली. घरातले म्हणायचे, याचं करणार काय? मी म्हणायची, करीन. बारा वर्षं 'करीन' म्हणत होते.

त्या ट्रंकेत बदकांचा एक तुकडा होता. पिवळ्या कापडावर लाल छत्र्या धरून चाललेली पांढरी बदकं. त्या बदकांनी मला भर बाजारात काय दिवस दाखवले, ते आज सांगणारच आहे. पण आधी मापं. कागद-पेन्सिल घ्या.

तुकडे चौकोनी कापायचे, साडेपाच इंचाचे. पुन्हा सांगते, साडेपाच इंच. चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातो आणि चौकोन उरतो पाच इंचांचा. आडवे पाच आणि उभे चार, असे एका बाजूला वीस तुकडे. दोन बाजूंचे चाळीस. पुठ्ठ्याचा एक साडेपाच इंची चौकोन कापून ठेवा आणि प्रत्येक तुकडा त्याच्यावरूनच आखा. आधी कापलेल्या कापडावरून पुढचं आखायचं नाही. केस-केस करत सरकत जातं आणि विसाव्या तुकड्याला पाव इंचाचा घोळ होतो.

कापण्याआधी सगळी कापडं धुऊन घ्या. सुती कापड धुतल्यावर आटतं. एक आटलेलं आणि एक न आटलेलं शेजारी बसवलं, तर पहिल्या धुण्यात पिशवीचं तोंड वाकडं. लाल, निळी, जांभळी कापडं वेगवेगळी धुवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मीठ टाकल्यावर रंग पक्का होतो असं आपल्याकडं सगळ्या घरांत सांगतात. होत नाही. मीठ भाजीत टाका.

आणि ओटीतले ब्लाऊजपीस यात घालू नका. मोह होतो, कारण प्रत्येकीच्या कपाटात ते पंधरा-वीस तरी असतातच. पण बहुतेक पॉलिस्टरचे असतात. सुती कापडाच्या इस्त्रीखाली ते आकसतात, कधी चिकटतातही. खरं तर त्या ब्लाऊजपीसना शिवलं जाण्याची सवयच राहिलेली नाही. माझ्याकडून तुमच्याकडं, तुमच्याकडून तुमच्या जावेकडं, आणि दोन वर्षांनी हळदीकुंकवाला पुन्हा माझ्याच ओटीत. मी एकदा एकाच्या कोपऱ्यात पेनानं बारीक टिंब केलं होतं. ते टिंब परत आलं. असो.

तर आता बदकं.

तो तुकडा मी कटपिसात घेतलेला नव्हता. महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात एक टेलर मास्तर आहेत. त्यांच्या मशीनखाली कातरणाचं पोतं असतं. एकदा मी विचारलं, मास्तर, याचं काय करता? म्हणाले, न्या की. पन्नास रुपये दिले आणि पोतं रिक्षात घातलं. त्या पोत्यात निघाली बदकं, चांगली हातभर. पिशवीत सगळ्यांत पुढं, मधोमध, मी त्यांनाच बसवलं.

पिशवी घेऊन पहिल्याच रविवारी लक्ष्मीपुरीत गेले. मेथी घेतली, कांदे घेतले, वांग्यांचा भाव करत होते, तेवढ्यात मागनं कुणीतरी पिशवी ओढली. मला वाटलं, चोर. वळून बघते तर पंचेचाळिशीची एक बाई, माझ्याकडं बघतही नव्हती. पिशवीकडं बघत होती.

"ओ वहिनी, ही बदकं कुठनं आणलासा?"

मला वाटलं, कौतुक चाललंय. मी फुगले. म्हटलं, जमवलेली आहेत.

"जमवलेली न्हवं. माझी हैत ही."

भोवतीची चार माणसं थांबली. कोल्हापुरात भांडणाला माणसं कमी पडत नाहीत. बाई सांगायला लागली, मला कमी आणि वांगीवालीला जास्त. लेकीच्या वाढदिवसाला फ्रॉकसाठी बदकांचं दीड मीटर कापड तिनं स्वतः निवडून आणलं होतं. पोरीला फुग्याच्या बाह्या हव्या होत्या. "मी रोज त्यांच्या दुकानात गेलो, रोज परत आलो. शेवटी फ्रॉक दिला, तर बाह्याच न्हाईत! म्हणं कापड पुरलं न्हाई. पोरगी रडून रडून केक कापली. आणि कापड हे इथं कांदं वाहतंय!"

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते, आमच्याकडं बायका 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात. त्यात व्याकरणाची चूक काढायला जाऊ नका, पुढं जेवायला मिळणार नाही.

वांगीवालीनं वजनाचा काटा तसाच हातात धरून निकाल दिला, "टेलरानं खाल्लं कापड." एक आजोबा म्हणाले, सगळेच खातात. मला आतून घाम फुटला, कारण चोरीचा माल पन्नास रुपयांत उचलणारी मीच होते. ते मी तिथं बोलले नाही. चला, विचारूया त्यांनाच, असं म्हणाले, आणि आम्ही दोघी बोळाकडं निघालो. मेथी पिशवीत, आणि पिशवीचा एक बंद माझ्या हातात, एक तिच्या. ती सोडायलाच तयार नव्हती.

मास्तर जेवून नुकतेच बसले होते. बाईनं पिशवी टेबलावर आदळली. बघा, म्हणाली, ओळखतासा का? मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला, पिशवी जवळ ओढली, बदकांकडं ढुंकूनही न बघता शिवणीवरनं अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "टाका एवढा लांब का ठेवलायसा?"

मी गप्प. बाई मात्र गप्प बसणारी नव्हती. बाह्यांचं काय झालं ते सांगा, म्हणाली. मग मास्तरांनी जे केलं, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. एक पेपर पसरला. म्हणाले, हे समजा तुमचं दीड मीटर. खडूनं त्यावर फ्रॉकचा पुढचा भाग, मागचा भाग, घेर, सगळं आखलं. मग बाही. म्हणाले, साधं कापड असतं तर एक बाही अशी सरळ आणि दुसरी उलटी, एकीच्या पोटात दुसरी बसवून काढली असती. दात कसे एकमेकांत बसतात, तसं. पण, म्हणाले, तुमच्या बदकांना डोकं आहे. बाही उलटी काढली तर बदक पाय वर करून चालणार. सगळे भाग एकाच दिशेला काढायचे, मग मध्ये कापड वाया जातं, आणि जे वाया जातं त्यात बाही बसत नाही. त्यातून पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, छत्तीस इंचच.

बाई पेपरकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्ये तवाच का न्हाई सांगितलासा?"

मास्तरांनी जरा विचार केला. "तवा दिवाळी होती."

मंडळी, दिवाळीत टेलर कसा असतो हे आपल्याला माहीत आहे. बाईलाही माहीत होतं. तिचा आवाज एकदम खाली आला. तरी म्हणालीच, उरलेलं कापड तरी परत द्यायचं. मास्तर म्हणाले, तुम्ही मागितला न्हाईसा. हे तेवढं मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. गिऱ्हाइकाचं कातरण फ्रॉकबरोबर पुडीत बांधून दिलंच पाहिजे, मागो न मागो. पण पोतं न्यायला मीच पुढं झाले होते, तेव्हा कुठल्या तोंडानं बोलू?

इतक्यात बाईनं सहज पिशवी उलटी फिरवली, मागची बाजू वर आली, आणि ती जी हसायला लागली! मास्तरही वाकून बघायला लागले. मागच्या बाजूची सगळी बदकं पाय वर करून चालली होती. रिक्षा उलट्या, मांजरं छताला चिकटलेली, कपांतला चहा जमिनीवर. काय झालं होतं, तळाला जोड नको म्हणून पुढची बाजू, तळ आणि मागची बाजू मी एकच लांब पट्टा करून शिवली होती. पट्टा दुमडला की पुढची चित्रं सरळ राहतात आणि मागची डोक्यावर उभी राहतात. शिवताना माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मास्तर परवडलं," बाई म्हणाली, "निदान बदकं उभी तरी ठेवलेली." आणि ती दोघं, तासाभरापूर्वीचे वैरी, माझी पिशवी मध्ये ठेवून माझ्याच चुका काढायला लागली. मास्तरांनी चहा सांगितला. घरी आले तेव्हा मेथीचा पार लगदा झाला होता.

म्हणून लक्षात ठेवा, पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी जोडायची आणि तळाला एकमेकींना शिवायची. तळाला जोड येऊ दे. पुन्हा सांगते, दोन बाजू वेगळ्या, जोड तळाला. आणि चित्रांचं कापड घेताना नेहमीपेक्षा थोडं जास्तच घ्या. कारण मास्तरांनी सांगितलं तेच, चित्राला डोकं असतं.

काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत, तेव्हा राहिलेलं भराभर. आधी पाच-पाच तुकड्यांच्या आडव्या ओळी शिवा. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीनं डावीकडं पाडा, दुसरीच्या उजवीकडं. मग ओळी जोडताना सांधे एकमेकांत घट्ट बसतात. अस्तराला जाडंभरडं सुती कापड घ्या, इचलकरंजीच्या मागाचं छान मिळतं. शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली, त्याच कोल्हापुरात आपण भाजी आणायला ती पातळ रंगीत पिशवी वापरतो, कापडासारखी दिसणारी. ती विणलेली नसते हो. पॉलिप्रॉपिलीनचे धागे तापवून दाबलेले असतात, म्हणजे प्लॅस्टिकच. २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली आणि दुकानांतनं ह्याच पिशव्या 'कापडी' म्हणून हातात पडायला लागल्या. मी तर परत करते. दुकानदार माझ्याकडं कसं बघतो ते सांगत नाही.

तळाचे दोन्ही कोपरे आतून त्रिकोणी धरा, सहा इंच रुंदीवर शिवण मारा, की पिशवी बसती होते. अस्तराचेही तसेच. बंदांना दीड इंची सुती नवार, प्रत्येकी अठ्ठावीस इंच, आणि जोडात जाणाऱ्या टोकांसाठी वरून थोडी जास्त धरा. बंद जिथं जोडाल तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारा, नुसती एक शिवण कांद्यांना टिकत नाही. तिथं कापडाचे पदर जास्त येतात, तेव्हा सुई सोळा नंबरची लावा, आणि टाका बारीक ठेवा. हे शेवटचं मास्तरांच्या वतीनं.

मी माझी पिशवी उसवून पुन्हा शिवली. त्या वहिनी लक्ष्मीपुरीत भेटल्या की आधी पिशवी फिरवून मागची बाजू बघतात, मग माझी खुशाली विचारतात. बदकांचं कापड मात्र कुणी मागू नका. दोन चौकोन उरले होते, ते त्यांनी लेकीला नेले. पोरगी आता कॉलेजला आहे. बाह्यांचा विषय घरात अजून निघतो म्हणे.

नमस्कार.