पोटाला चिमटा

श्रोतेहो, राम राम.

आपला खान्देश समुद्रापासून लांब. पण आपली तापी भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते. आज तिच्या या सासरच्या लेकुरवाळ्यांविषयी बोलायचं आहे.

बांगड्याची मादी हजारो अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. त्यातली बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या तोंडी जातात. त्याच पाण्यातला शिंगाळा मात्र वेगळा. हा मिशांचा मासा. त्याची अंडी थोडी, पण एकेक लहान बोराएवढं. मादीनं अंडी घातली की नर ती तोंडात घेतो. मग आतली पिल्लं अंगातलं बलक संपवून पोहण्याजोगी होईपर्यंत बाप काही खात नाही. काही जातींत हा उपवास दोन महिन्यांपर्यंत चालतो. आपल्याकडे पोटाला चिमटा घेऊन लेकरं वाढवली म्हणतात. इथे ते शब्दशः खरं आहे.

हे बाप थव्यानं फिरतात आणि पर्ससीनच्या, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या, मोठ्या जाळ्यात अख्खा थवा एकदम सापडतो. धडपडीत तोंडातली अंडी गळून पडतात. बाप गेला आणि पिढीही गेली. पश्चिम किनाऱ्यावर हे घडलेलं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मुळात अंडीच मोजकी, ती भरून निघणार कशी?

आता एका आईकडे येतो. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात, 1,400 मीटर खोल, एका कड्याला चिकटून एक ऑक्टोपस मादी अंड्यांवर बसली होती. संशोधकांनी यंत्रपाणबुडीच्या कॅमेऱ्यातून तिला 2007 साली पाहिलं. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू यायची. पुढे ते 18 वेळा गेले. दर वेळी ती तिथेच. अंडी मोठी होत गेली, तिचं अंग फिकट पडलं, कातडी सैल झाली, डोळे धुरकटले. यंत्राच्या हातानं खेकड्याचा तुकडा पुढे केला, तर तिनं तोही घेतला नाही. तिला खाताना कुणी कधी पाहिलंच नाही.

हे चाललं 53 महिने. साडेचार वर्षांना जरासं कमी! तिथलं पाणी सुमारे 3 अंशांचं. अशा गारठ्यात अंडी फार सावकाश वाढतात. पण पिल्लू बाहेर येतं तेच स्वतः शिकार करू शकेल असं तयार होऊन.

केळीबागेत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. घड उतरला की खांब आडवा होतो, बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, उभं असतं. ऑक्टोपसची आईही पिल्लं बाहेर पडली की जगत नाही.

2011 च्या ऑक्टोबरात संशोधक पुन्हा त्या कड्यापाशी उतरले. ती तिथे नव्हती. खडकाला अंड्यांची फाटकी, रिकामी टरफलं तेवढी लोंबत होती.