होडीतून गेलेली शेती

(दृश्य: ओल्या मातीतून काढलेला जांभळा कंद)

हे कोनफळ. उपासाला आपण उकडून खातो तेच. फिलिपिन्समध्ये याला उबे म्हणतात, सामोआत उफी, हवाईत उही. मनिला ते होनोलुलू आठ हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, मध्ये नुसता समुद्र. तरी नाव ओळखू येतं.

कारण या सगळ्या भाषा एकाच घराण्यातल्या, ऑस्ट्रोनेशियन. बाराशेच्या घरात त्यांची संख्या. घराण्याच्या सर्वांत जुन्या शाखा तैवानमध्ये सापडतात, म्हणून उगमही तिथलाच धरतात. तिथली माणसं भात आणि राळा पिकवायची. सुमारे 4,000 वर्षांपूर्वी ती फिलिपिन्समध्ये उतरली, 3,300 वर्षांपूर्वी न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क बेटांवर दिसू लागली आणि पुढच्या पाचेकशे वर्षांत पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांपर्यंत पोचली. भात वाटेतच सुटला. त्याच्या जागी अळू, कोनफळ, केळी, नीरफणस आले.

(दृश्य: उलांडीची होडी, आत रोपं)

दूरच्या लहान बेटावर मासे, कासवं, पक्षी भरपूर. पण रोज पोट भरेल असं कंदमूळ जवळजवळ नाहीच. त्यामुळे शेत होडीत घालूनच न्यावं लागे. त्याला अळू सोयीचं. गड्डा शिजवून खायचा (कच्चा खाल्ला तर घशाचं काय होतं, हे कोकणात सांगायला नको) आणि वरची पातळ चकती देठासकट राखून पुन्हा चिखलात रोवायची. बियाण्याची भानगडच नाही.

शेतकरी गेले आणि त्यांची भाषा गेली, हे खरं. पण इतकं सरळ नाही. वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात एफाते बेटावर तेओउमा इथे सुमारे 3,000 वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. तिथल्या सांगाड्यांचा डीएनए तैवान-फिलिपिन्सकडच्या लोकांशी जुळतो. आज तिथल्या माणसांचा वंश मात्र बहुतांशी न्यू गिनीच्या बाजूचा आहे. नंतर दुसरे लोक येत राहिले, आणि बोलू लागले आधीच्यांचीच भाषा!

(दृश्य: न्यूझीलंड, थंड वारा)

तेराव्या शतकाच्या आसपास होड्या न्यूझीलंडला लागल्या. नारळ, नीरफणस तिथे तगलेच नाहीत. तगलं ते रताळं, तिथे वसलेल्या या लोकांच्या मावरी भाषेत कुमारा. हे पीक मूळ दक्षिण अमेरिकेचं. माती उबदार राहावी म्हणून माणसं शेतात वाळू-खडी मिसळत आणि थंडीत रताळी जमिनीतल्या खड्ड्यांत साठवत.

तिथून पूर्वेला चॅथम बेटं. इथे कुमाराही येईना. इथले मोरिओरी लोक सील, मासे, समुद्रपक्षी आणि नेच्याची मुळं यांवर जगले. शेती सुटली. भाषा मात्र मावरीची सख्खी बहीणच राहिली.